घशात काही नव्हतं

माझ्या वडिलांचा हात बारीक होता. मनगट निमुळतं, बोटं लांब, आणि अंगठा आत दुमडला की सगळा पंजा मक्याच्या कणसासारखा निमुळता होई. शेतकऱ्याला असला हात शोभत नाही, असं आई लग्नानंतर बरीच वर्षं म्हणत असे. पण त्या हातामुळे आसपासच्या गावांत त्यांना मान होता. गाईच्या घशात काही अडकलं की लोक डॉक्टरच्या आधी त्यांना बोलवायला येत. उसाचा वरचा हिरवा शेंडा, ज्याला आमच्याकडे वाढं म्हणतात, त्याचा जाड तुकडा, कधी बीट, कधी आंब्याची कोय. ते बाही दुमडत, हात कोपरापर्यंत आत घालत आणि जे असेल ते बाहेर काढत. मग हात धुऊन चहा घेत आणि घरी येत. सगळं गाव त्यांना तात्या म्हणे. मीही तात्याच म्हणत असे.

आमचं गाव बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांच्या शिवेवर, कालव्याच्या खालच्या बाजूला आहे. मी बारामतीत एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात काम करते, तिथंच खोली घेऊन राहते आणि सुट्टीला गावी जाते. त्या दिवशी मी गावात नव्हते. पुढचं मला आधी आईनं आणि मग आबांच्या सुनेनं सांगितलं.

आबा म्हणजे आमच्या बांधाला बांध लागून असलेले शेजारी. तात्यांच्याच वयाचे, अंगानं दणकट, बोलायला मोकळे. त्यांच्या घरी काकी, एमआयडीसीत पाळीनं कामाला जाणारा मुलगा आणि पणदऱ्याहून आलेली सून. दोन्ही घरांचं एकमेकांवाचून कधी अडायचं नाही असं कुणी म्हणालं नसतं, कारण रोजच अडत असे. मी शाळेत असताना आमच्या विहिरीतली मोटार अडकली होती, तेव्हा आबाच दोराला धरून खाली उतरले होते. तात्यांनी त्यांना आधी दोर दाखवला होता. "हितं बघ, हितं पीळ सुटलाय. धरंल का न्हाय सांगता येत न्हाय." आबांनी त्या जागी बोट फिरवलं, हसले आणि म्हणाले, "तुटला तर वैनीला सांग, तेराव्याला लापशी नको, बुंदी कर." आणि उतरले. मी विहिरीच्या कडेला उभी होते. ते मी विसरले नाही.

श्रावण सरत आला होता. आबा मोटारसायकलवरून आले आणि दारातूनच ओरडले.

"तात्या, चल लगीच. काळीच्या घशात वाढं अडकलंय."

"कवापासनं?"

"सकाळधरनं. निसती लाळ गळतीय. पाणी बी उतरंना. आवाज बी बसलाय तिचा."

"डॉक्टरला फोन लावला का?"

"डॉक्टर यीस्तवर गाय जाईल. आन् तुज्या हाताएवढा डॉक्टर हाय का कुठला?"

आई म्हणाली, "च्या टाकलाय, घोटभर घिऊन जावा."

"वैनी, च्या माज्याकडं. निव्वळ दुधाचा पाजतो. तुमच्यावानी कालव्याचं पाणी न्हाय दाखवत."

आई हसली होती. हे मला सांगताना तिनं तेही सांगितलं, की ती हसली होती.

गोठ्यात आबांनी मोरकीची दोरी धरून गाईचं तोंड वर केलं. जबड्यात लाकडी दांडकं आडवं घातलं. सुनेनं पदर हाताला गुंडाळून गाईची जीभ बाहेर ओढून एका बाजूला धरली, कारण जीभ बाहेर असली की गाय दाढा मिटताना बिचकते. तात्यांनी हात घातला.

"काय न्हाय रं. मोकळा हाय घसा."

"नीट बघ की. आत गेलं असंल."

त्यांनी पुन्हा हात घातला, या वेळी जास्त आत. गाय उसळली, दांडकं निसटलं. दाढांवर घासून तात्यांच्या पंजाची मागची कातडी सोलून निघाली. सुनेच्या हातावरचा पदर सुटला आणि तिचीही दोन बोटं खरचटली. घास कापून आधीच भेगाळलेली बोटं. तिनं ती तोंडात घालून चोखली आणि कामाला लागली.

तात्यांनी जनावरांच्या पाण्याच्या हौदात हात बुडवला, विजारीला पुसला, काकींनी दिलेली हळद दाबली आणि चहाला बसले. चहा खरंच दुधाचा होता, असं त्यांनी घरी येऊन आवर्जून सांगितलं.

दोन दिवसांनी गाय मेली. आबांनी जेसीबी बोलावून खड्डा काढला, मीठ टाकून तिला पुरलं आणि घटसर्प झाला होता असं सांगितलं. तात्यांना वाईट वाटलं. घटसर्प नव्हे, तुकडाच फार खोल गेला असणार आणि आपल्याच हाताला तो लागला नाही, असं ते बरेच दिवस म्हणत राहिले. पुढच्या सुट्टीला मी गेले तेव्हा त्यांनी मलाही ते सांगितलं, ओशाळून, जसं काही आबांचं देणं त्यांच्याकडून राहून गेलं होतं. हातावरची खपली तोवर पडली होती. मला त्यांनी हात दाखवला नाही, आणि मी मागितला नाही.

दिवाळीच्या तोंडाला त्या हाताला मुंग्या यायला लागल्या. मग ताप. मग एके सकाळी चहाचा कप ओठाला लावल्याबरोबर त्यांची मान झटक्यानं मागं गेली आणि कप फुटला. आईला वाटलं, चहा गरम होता.

बारामतीच्या दवाखान्यात डॉक्टरांनी त्यांना तपासलं आणि पेल्यात पाणी मागवलं. पेला नुसता समोर धरला. तात्यांच्या गळ्याच्या शिरा उभ्या राहिल्या, तोंड वाकडं झालं आणि ते कॉटवर मागं सरकत भिंतीपर्यंत गेले. डॉक्टरांनी पेला खाली ठेवला, पंखा बंद करायला सांगितला आणि आम्हा दोघींना बाहेर घेऊन आले.

"कुत्रं चावलं होतं का?"

"न्हाय," आई म्हणाली.

"दुसरं कुठलं जनावर? मांजर, माकड?"

आई नाही नाही म्हणत होती आणि मध्येच थांबली. मग तिनं गाईचं सांगितलं. लाळ, बसलेला आवाज, मोकळा घसा. डॉक्टर ऐकत राहिले. मग म्हणाले, की पिसाळलेल्या गाईला गिळता येत नाही आणि लोकांना वाटतं काहीतरी अडकलंय. त्या दिवशी वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं हात धुतला असता आणि लगेच लस सुरू केली असती, तर.

"तर?" आईनं विचारलं.

"तर बहुतेक आज घरी असते."

मी व्हरांड्यातून आबांना फोन लावला.

"आबा, तुमच्या गाईला कुत्रं चावलं होतं का?"

"छ्या छ्या. कुत्रं कुठलं आलंय? तुजा बाप कसा हाय ते सांग आधी."

"डॉक्टर म्हणतात, पिसाळल्याचं आहे."

पलीकडं कुणीतरी बादली ठेवल्याचा आवाज आला. मग आबा म्हणाले, "अरारा." एवढंच.

तात्यांना पुण्याला हलवलं. तिथं एका बाजूच्या खोलीत, खिडकीला जाड कापड लावून ठेवलं होतं. हात कॉटला बांधले होते. मी बरंच वाचते, आणि ज्या आजाराचं नाव कळलं त्याबद्दल गाडीत बसल्या बसल्या वाचत गेले. गाडी यवतच्या पुढं गेली तोवर मला कळलं होतं, की पुढं काही करायचं उरलेलं नाही. आईला मी ते सांगितलं नाही. पण तिनं विचारलंही नाही.

ते मधून मधून पूर्ण शुद्धीवर येत. तेव्हा ते अगदी आमचेच असत. तशाच एका वेळी त्यांनी आईकडं पाहिलं आणि तोंड उघडलं. लाळ हनुवटीवरून गळत होती.

"माज्या घशात कायतरी अडकलंय," ते म्हणाले. "बघ की जरा हात घालून."

डॉक्टरांनी बजावलं होतं, तोंडाजवळ कुणी हात न्यायचा नाही. आई पुढं झाली. मी तिची दोन्ही मनगटं मागून धरली. तिनं सोडवून घ्यायचा प्रयत्न केला, मग केला नाही. तात्या बघत होते.

"अगं बघ की," ते म्हणाले. "किती जणांचं मी काढलंय."

दुसऱ्या दिवशी ते गेले.

मयतीला माणसं आली, पण लांब उभी राहिली. कुत्र्याचा रोग आहे म्हटल्यावर प्रत्येकाला स्वतःच्या लेकरांची आठवण झाली. कुणी तोंडाला रुमाल बांधला होता, कुणी चप्पल न काढताच रस्त्यावरून हात जोडले. तिरडीला खांदा द्यायला भावकीतल्या माणसांनी एकमेकांकडं पाहिलं. तेव्हा आबा पुढं आले. पहिला खांदा त्यांचा होता. त्यांनी तात्यांच्या गालावर हात फिरवला, कपाळाला कपाळ लावलं आणि मोठ्यानं रडले. लोक हळू आवाजात म्हणाले, काळीज लागतं याला.

चितेपाशी आबाच बोलले. "तात्यानं आंगावर काढलं. चावलं असंल कुटंतरी कुत्रं, लाजंकाजं सांगितलं न्हाय. आसाच व्हता माजा दोस्त." लोकांनी माना हलवल्या. संध्याकाळपर्यंत सगळ्या गावाचं ठरलं होतं: तात्यानं लपवलं. घरातल्यांचा जीव धोक्यात घातला. शिकली-सवरलेली पोरगी असून तिलाही कळलं नाही.

मयत झालेल्या घरात चूल पेटत नाही. शेजारपाजारचे जेवण घेऊन येतात, त्याला कडू घास म्हणतात. आमच्याकडं त्या दिवशी कुणी यायला तयार नव्हतं. आलं ते आबांचं घर. काकींच्या डोक्यावर भाकरीची पाटी, सुनेच्या हातात पिठल्याचं पातेलं. सुनेनं आईच्या ताटात भाकरी मोडून दिली. आईनं पहिला घास त्या हातून घेतला.

जेवणं झाल्यावर सून माझ्याबरोबर मागच्या दारी भांडी विसळायला आली. आम्हा दोघींना डॉक्टरांनी लस सुरू केली होती आणि माझ्या दंडाला पट्टी होती. तिनं तिकडं बघत विचारलं, "ताई, लई दुखती का वो ती सुई?"

"नाही. मुंगी चावल्यासारखं वाटतं."

"मामंजी बी तसंच म्हणत्यात. त्येंनी बी घेतल्यात की, दंडात. कमरंसाठी."

"कमरेसाठी दंडात?"

ती हसली, मग मयताचं घर आठवून तिनं पदर तोंडाला लावला. "मी बी तेच म्हणलं. तर म्हणत्यात, डॉक्टर तू का मी?"

"कधी घेतल्या?"

"काळी गेली का, त्येच्या दुसऱ्या दिवशीपासनं. मधी दोन-चार दिस सोडायचं, पुना जायचं. ते बी इंदापूरला. म्हणलं बारामती एवढी जवळ असताना तितं कशापायी, तर म्हणत्यात तितली नर्स बरी टोचती."

माझ्या हातातलं ताट पाण्यात तसंच राहिलं. मी तिला विचारलं, गाय आजारी पडायच्या आधी गोठ्यात कुत्रं आलं होतं का. तिनं जराही न अडखळता सांगितलं, कारण तिला त्यात लपवण्यासारखं काही दिसत नव्हतं. कुत्रं आलं होतं, बरेच दिवस आधी. काळीच्या नाकाडाला लोंबकळलं होतं. मामंजींनी खोऱ्यानं त्याला तिथंच मारलं आणि उसात नेऊन पुरलं. घरात सांगून ठेवलं, कुठं बोलायचं नाही, डेअरीवाले दूध घेणार नाहीत.

"म्हणजे तूही," मी म्हणाले. "तुझी बोटं."

"माजं काय?" तिनं बोटं पुढं केली. दोन्हींवर फिकट रेघा होत्या. "कवाच भरलं ते." मग ती माझ्या तोंडाकडं बघत राहिली आणि हळूहळू तिचं हसू गेलं. काकींनी पुढच्या दारातून हाक मारली, तशी ती पातेलं उचलून गेली. तिला तिसरा महिना सरून चौथा लागला होता. चालण्यात अजून काही दिसत नव्हतं.

आई दाराच्या आड उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

"उद्याच तिला न्यायला हवं," मी म्हणाले. "अजून काही झालेलं नाही, म्हणजे अजून वेळ आहे."

आई भिंतीला टेकून खाली बसली. "नको."

"काय नको?"

"ऱ्हाऊ दे. त्यांच्या बी घरात मागू दे कुणीतरी पाणी."

"पोटुशी आहे ती, आई."

"मला म्हाईत हाय."

तिचा आवाज नेहमीचाच होता, भाजीत मीठ पडलंय असं सांगावं तसा. मी तिला दुष्ट म्हणू शकत नाही. ज्या माणसानं तिच्या नवऱ्याला मारलं होतं त्याच्या घरची भाकरी तिच्या पोटात होती, आणि गावात बोललं जात होतं की तिच्या नवऱ्यानं लपवलं. गप्प बसलं की झालं. काही करायचं नव्हतं. आबांनीही त्या दिवशी गोठ्यात काही केलं नव्हतं, फक्त गप्प बसले होते.

सकाळी मी आबांच्या अंगणात गेले. ते जनावरांचा खुराक भिजवत होते. काकी चुलीपाशी, सून गोठ्याच्या दारात.

"आबा, इंदापूरला कशाची सुई घेत होता?"

त्यांनी सुनेकडं पाहिलं. तेवढं बघणं पुरेसं होतं.

"कमरंची," ते म्हणाले.

"मग हिलाही तीच कमरेची सुई आजच द्या. हिनं गाईची जीभ धरली होती."

काकी उठून आल्या. "तिच्या पोटात लेकरू हाय. सुया टोचून काय झालं म्हंजे? आन् तू दुखात हायेस म्हणून ऐकून घेतीय मी."

"लेकराला त्यानं काही होत नाही. मी रात्रीच फोन करून डॉक्टरांना विचारलंय."

"अगं पर कशाला?" आबा म्हणाले. "आता ही बारामतीला गेली, की गाव काय म्हणंल? तात्या तर गेला. त्यो काय परत यायचा हाय का?"

"स्वतः का घेतली मग?"

ते बराच वेळ खुराकात हात फिरवत राहिले. "मी कर्ता माणूस हाय घरातला," ते शेवटी म्हणाले. "माजं काय झालं असतं तर ही सगळी रस्त्यावर आली असती. हिला न्यायचं म्हणलं तर दोघं दोघं कशाला जाताय, लोकांनी इचारलं असतं. आन् मला बी कुठं खात्री व्हती? मला वाटलं, अडकलं बी असंल. देवाशपत वाटलं. सांगितलं असतं तर गावातला एक माणूस गोठ्यात आला नसता. तूच सांग. तुजा बाप आला असता का?"

"आला असता," मी म्हणाले. "दोराचा पीळ सुटलाय हे बघूनही तुम्ही आमच्या विहिरीत उतरला होतात. ते आले असते. हाताला पिशवी बांधून आले असते, घरी येऊन साबणानं हात धुतले असते आणि तुमच्याबरोबर इंदापूरला आले असते."

खरं म्हणजे मला माहीत नाही. तात्या शूर नव्हते. कदाचित त्यांनी नाही म्हटलं असतं, आणि गाय तशीही मेलीच असती. पण आबांच्या तोंडावर काय होतंय हे मला दिसत होतं, आणि मला ते अजून व्हायला हवं होतं.

तरीही त्यांनी होकार दिला नाही. तेव्हा मी सुनेकडं वळले आणि तात्या कसे गेले ते तिला सांगितलं. पेल्यापासून सुरुवात केली. काही गाळलं नाही. तहान कशी लागते आणि पाणी बघून घसा कसा आवळतो, वारा अंगाला लागला तरी माणूस कसा किंचाळतो, हात कशानं बांधतात. शुद्ध मध्येच परत येते हे सांगितलं. त्यांनी आईला काय मागितलं ते सांगितलं. काकी म्हणाल्या, "पुरं कर गं बये, पुरं कर." मी थांबले नाही. सून गव्हाणीला धरून ओकली. मी ती ओकून व्हायची वाट पाहिली आणि राहिलेलं सांगितलं. तिला वाचवायला एवढं लागत नव्हतं. अर्ध्यातच काम झालं होतं.

तिचा नवरा रात्रपाळी करून आला होता. मोटारसायकल अंगणात येऊन थांबलेली आम्हाला कळली नव्हती. डबा हँडलला लटकत होता. त्यानं किती ऐकलं मला ठाऊक नाही. तो खाली उतरला नाही. बापाकडं त्यानं पाहिलंही नाही. बायकोला म्हणाला, "बस." ती पदरानं तोंड पुसत मागं बसली आणि ते बारामतीच्या रस्त्याला लागले.

आई माझ्याशी दहाव्यापर्यंत बोलली नाही. दहाव्याला कावळा शिवायला वेळ लागत होता, तेव्हा पिंडाकडं बघत म्हणाली, "त्येंना सांग, सून वाचली म्हणावं आबांची." तेवढंच.

गावाला सगळं कळायला दोन दिवस लागले. तात्यांबद्दल जे बोलले होते त्यांपैकी कुणी येऊन चुकलो म्हणालं नाही. बोलणं नुसतं एका घरावरून उचललं आणि दुसऱ्या घरावर ठेवलं. डेअरीत आबांची किटली आली की माणसं रांगेत मागं सरकत. पारावर कुणीतरी मुद्दाम खाकरे आणि विचारे, "आबा, अडकलंय का कुणाच्या घशात काय? जाऊन बघायचं का?" आणि सगळे हसत. तिरडीपासून लांब उभे राहिलेलेच सगळ्यात मोठ्यानं हसत.

मी बारामतीला परत आले. पुस्तकं लावताना, संध्याकाळी खोलीवर, मी त्याच गोष्टीशी येत राहते. आमच्याकडं माणसं एकमेकांचा जीव रोज धोक्यात घालतात, त्याशिवाय शेत चालत नाही. तात्यांनी मला लहानपणी उसाच्या गाडीवर, मोळ्यांच्या वर बसवून कारखान्यापर्यंत नेलं होतं. मी पडले असते तर मेले असते. "घट्ट धर, वळणावर गाडी झुकती," असं त्यांनी मला सांगितलं होतं. तो धोका होता, पण तो माझ्याही हातात होता. विहिरीतला दोर आबांच्या हातात होता. गाईच्या तोंडात गेला तो हात मात्र तात्यांचा असूनही तात्यांच्या हातात नव्हता. आबांना गाय वाचवायची होती यात काही वाईट नाही, भीती वाटली यातही नाही. त्यांना शेजाऱ्याचा हात हवा होता, पण त्या हाताचा शेजारी नको होता. इथपर्यंत मी येते. पण मग मला गव्हाणीला धरून ओकणारी ती मुलगी दिसते, आणि मीही सांगण्याचा कसा उपयोग केला ते आठवतं, आणि पुढचं मला नीट मांडता येत नाही.

पौष संपता संपता मी गावी गेले होते. दुपारपासून आबांच्या गोठ्यातून गाय हंबरत होती. नवी गाय, पहिलटकरीण, अडली होती. डॉक्टर दुसऱ्या गावाला एका जनावरात अडकला होता. आबा दारोदार फिरून आले. एकाच्या हाताला लागलं होतं, एकाकडं पाहुणे होते. पारावरच्यांनी विचारलं, "ह्या येळंला मागनं अडकलंय का?" आमच्या दारावरून ते गेले, पण थांबले नाहीत.

ऊन उतरल्यावर सून आली. सातवा महिना होता, दोन दिवसांत ती माहेरी जाणार होती. उंबऱ्याबाहेर उभी राहूनच बोलली, दमलेली, पाठ केल्यासारखी.

"काकू, वासरू आडवं आलंय. माजा हात आत जाईना आन् जोर बी लागंना. गाय नवीन हाय, संक्रांतीला आणली. तिला कुत्रं न्हाय चावलं, कोण न्हाय चावलं. डॉक्टरनं सगळ्या लसी टोचल्यात तिला. परवा ताप व्हता एक दिस, तेवढा सांगायचा. बाकी काय न्हाय. आता तुमी बघा."

आई चाळणी हातात घेऊन बसली होती. "तुज्या सुया झाल्या का सगळ्या?"

"झाल्या."

आईनं चाळणी खाली ठेवली आणि तेलाची बाटली घेतली.

आबा गोठ्याच्या दारात उभे होते. आई त्यांच्याकडं न बघता आत गेली. कोपरापर्यंत तेल लावलं, हात घातला, वासराचे पाय शोधून सरळ केले. मी आणि सुनेनं दोर ओढला. बराच वेळ गेला. आईचा हात तात्यांसारखा नव्हता, जाड होता, आणि गाय दर वेळी ओरडत होती. वासरू मेलेलंच निघालं. गाय वाचली.

आई बाहेर आली. हात रक्तानं आणि चिकट्यानं माखले होते. सवयीनं आबा हौदाकडं बघून म्हणाले, "वैनी, हितं—"

"हौदात न्हाय," आई म्हणाली. "साबण आण. आन् बादली."

त्यांनी आणली. आईनं दोन्ही हात पुढं धरले.

"वत."

आबा वाकून तांब्यानं पाणी घालायला लागले. आई साबण लावत होती, बोटांच्या बेचक्यांत, नखांखाली, पंजाच्या मागं, जिथं तात्यांची कातडी सोलली होती त्या जागी. हात केव्हाच स्वच्छ झाले होते. पाणी नितळ पडत होतं. आबांनी तांब्या थांबवला.

"अजून," आई म्हणाली.

बादली संपली. ते भरून घेऊन आले. रस्त्यावर दोन-तीन माणसं थांबली होती. दारात काकी उभ्या होत्या. गोठ्यात गाय वासरू शोधत हंबरत होती. आबा रस्त्याकडं बघायला लागले आणि पाणी आईच्या हातावर कमी आणि त्यांच्याच पायावर जास्त पडायला लागलं.

आई मान वर न करता हात तसेच पुढं धरून उभी होती.

"अजून," ती म्हणाली.